आठवणीचा ताळेबंद

अमेरिकेच्या पाणबुड्यांवरील ट्रायडेंट क्षेपणास्त्रांना डब्ल्यू-७६ जातीची अण्वस्त्रे बसवलेली असतात. या अण्वस्त्रांचे आयुष्य वाढवण्याचे काम २००० सालाच्या सुमारास हाती घेतले गेले आणि एक पंचाईत समोर आली. त्यांत ‘फॉगबँक’ या सांकेतिक नावाचा एक पदार्थ लागतो, आणि तो कसा बनवायचा हे आता कोणालाच धड ठाऊक नव्हते. पदार्थ कुठून परदेशातून आणलेला नव्हता. टेनेसी राज्यातल्या ओक रिज इथे, सरकारच्याच कारखान्यात, तो वर्षानुवर्षे बनत होता. पण उत्पादन थांबल्यावर कारखाना मोडीत निघाला, नोंदी तुटपुंज्या राहिल्या आणि जाणती माणसे निवृत्त होऊन घरी गेली.

मग नवा कारखाना उभा राहिला. उरल्यासुरल्या कागदांवरून प्रक्रिया जुळवली गेली, तरी माल काही जमेना. बऱ्याच खटपटीनंतर कारण सापडले. जुन्या काळी कच्च्या मालात एक अशुद्धी राहून जायची. नव्या, अधिक चोख शुद्धीकरणात ती निघून जात होती आणि पदार्थाचा गुण नेमका तिच्यावरच अवलंबून होता. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००९ साली या प्रकरणाचा हिशेब मांडला. फॉगबँकच्या अडचणी निस्तरायला ६ कोटी ९० लाख डॉलर लागले होते आणि काम किमान वर्षभर लांबले होते.

‘वेळीच सगळे लिहून ठेवले असते तर!’ असा सल्ला देण्यासाठी ही गोष्ट ज्ञान-व्यवस्थापनाच्या कार्यशाळांतून हमखास सांगितली जाते. त्यात अर्धेच तथ्य आहे. कारण त्या अशुद्धीचे महत्त्व जुन्या कामगारांनाही माहीत नव्हते. जे माहीतच नाही ते कोण लिहिणार आणि कुठल्या रकान्यात? तेव्हा प्रत्येक माणसाला बसवून त्याच्याकडून सगळे लिहून घेणे, हा उपाय खर्चिक आहे आणि वर अपुराही. तरीही मोठ्या कंपन्या पहिली उडी त्याच उपायाकडे घेतात.

पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत या उडीला ‘केटी’ म्हणतात. म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. चार-सहा वर्षे एखादी प्रणाली सांभाळणारा माणूस राजीनामा देतो आणि नोटीस पीरियडच्या शेवटच्या पंधरवड्यात त्याच्या डोक्यातले सगळे नव्या माणसाच्या डोक्यात ओतायचे ठरते. जाणाऱ्याचे मन पुढच्या नोकरीत, येणाऱ्याला काय विचारावे हेच कळत नाही. चार बैठका होतात, स्क्रीन रेकॉर्ड होतो, एक जाडजूड दस्तऐवज शेअर्ड ड्राइव्हवर चढतो, त्याच्या नावात ‘फायनल’ हा शब्द दोनदा येतो. सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता प्रणाली बंद पडते तेव्हा तो दस्तऐवज कोणी उघडत नाही. जुन्या माणसालाच फोन जातो, आणि तो बिचारा भिडेखातर उत्तरही देतो.

ही भीड कंपनीच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही. पण मोठ्या संस्थांचा बराचसा कारभार तिच्यावर चालतो.

१९९० च्या दशकात ज्ञान-व्यवस्थापनाची लाट आली तेव्हा ही उणीव सॉफ्टवेअरने भरून काढता येईल, असा सर्वत्र समज झाला. सल्लागार कंपन्यांनी पोर्टले बांधून दिली, ‘मुख्य ज्ञान अधिकारी’ अशी पदे निघाली. त्या वेळच्या पुष्कळ योजना पुढे शेवाळल्या. सरकारी असल्यामुळे जिचा हिशेब जाहीर झाला अशी एक योजना म्हणजे ‘नासा’ची, शिकलेल्या धड्यांची संगणकीय नोंदवही. कल्पना रास्त होती. प्रत्येक मोहिमेतून जे कळले ते तिथे लिहायचे आणि पुढच्या मोहिमेच्या प्रमुखाने ते वाचूनच कामाला लागायचे. २०१२ साली नासाच्या महानिरीक्षकांनी ही वही तपासली. प्रकल्पप्रमुख ती नेमाने वापरतच नाहीत, असे त्यांना आढळले. कोणाला ती जुनाट वाटत होती, कोणाला त्यातले काही आपल्या कामाचे वाटत नव्हते. वर्षाला सुमारे साडेसात लाख डॉलर या वहीवर खर्च होत होते, आणि हा खर्च शहाणपणाचा आहे का, असा प्रश्न महानिरीक्षकांनी अहवालातच विचारला. चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या संस्थेला बुद्धीची वा पैशाची वाण होती असे कोणी म्हणणार नाही. मग चुकले कुठे?

या प्रश्नाचे सगळ्यांत चांगले उत्तर ज्या कंपनीकडून मिळाले, तिच्या नावाच्या पाट्या आपल्याकडे दर तहसील कचेरीबाहेर दिसतात. झेरॉक्स.

१९८० च्या दशकात झेरॉक्सच्या मोठ्या कॉपियर यंत्रांची दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ जगभर हजारोंच्या संख्येने होते. त्यांच्यासाठी कंपनीने जाड जाड माहितीपुस्तके तयार केली होती. यंत्र अमुक कोड दाखवते, तर ही चाचणी करा. उत्तर ‘होय’ असेल तर या पानावर जा, ‘नाही’ असेल तर त्या. पुस्तक इतके चोख असावे की तंत्रज्ञाला फार डोके चालवावेच लागू नये, आणि मग त्याच्या प्रशिक्षणावरचा खर्चही वाचावा, असा त्यामागचा हिशेब. कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात ज्युलियन ओर नावाचे मानववंशशास्त्रज्ञ होते. आदिवासींच्या वस्तीवर राहून अभ्यास करावा तसा त्यांनी या तंत्रज्ञांचा अभ्यास केला. त्यांच्याबरोबर गाडीतून हिंडले, गिऱ्हाइकांकडे गेले, दुपारी त्यांच्या टेबलाशी जेवायला बसले.

जेवणाच्या टेबलावर गप्पा चालायच्या त्या यंत्रांच्याच. कुठले मशीन कसे फसवते, कोणत्या इमारतीत उकाड्याने काय होते, कोणाला तीन दिवस छळणारा बिघाड शेवटी कुठे निघाला. बाहेरच्याला हा टवाळखोरीचा तास वाटावा. ओर यांच्या लक्षात आले, की खरे प्रशिक्षण इथेच चालले आहे. त्यांनी नोंदवलेला एक प्रसंग या विषयात फार गाजला. एका यंत्राने दाखवलेला कोड आणि यंत्राचे प्रत्यक्ष वागणे यांचा मेळ बसत नव्हता. पुस्तकाप्रमाणे जो भाग बदलायला हवा तो बदलला तरी बिघाड जागचा हलेना. तंत्रज्ञाने आपल्या वरच्या तज्ज्ञाला बोलावले. तोही चक्रावला. पुस्तक बाजूला पडले. दोघे यंत्र चालवून पाहत आणि एकमेकांना जुने किस्से सांगत बसले: ‘त्या अमक्या ठिकाणी असेच झाले होते, पण तिथे आधी वेगळा कोड यायचा...’ एकाचा किस्सा दुसऱ्याच्या किश्शाला जोडत, मध्येच यंत्राला नवी चाचणी देत, कित्येक तासांनी त्यांनी बिघाडाचे मूळ गाठले. यंत्र बदलून देणे सोपे होते. पण त्याचा खर्च मोठा, आणि गिऱ्हाइकासमोर तंत्रज्ञाची पत जाणार ती वेगळीच. १९९६ साली ओर यांचे पुस्तक आले ते या सगळ्या निरीक्षणांचे. पुढे तो किस्साही तंत्रज्ञांच्या जेवणाच्या टेबलावर पोचला असणार, यात शंका नको.

झेरॉक्सने यातून लगेच शहाणपण घेतले असे मात्र नाही. त्याच संशोधन केंद्रातले कृत्रिम बुद्धिमत्तेचे अभ्यासक, डॅनियल बॉब्रो आणि त्यांचे सहकारी, वेगळ्याच वाटेने निघाले होते. यंत्राचे सगळे भाग आणि त्यांचे कार्यकारणभाव संगणकाला शिकवायचे, म्हणजे तो स्वतःच बिघाड शोधून देईल. नमुना तयार झाला, तंत्रज्ञांना दाखवला. त्यांनी कौतुक केले आणि ‘आम्हाला याचा काही उपयोग नाही’ असेही सांगून टाकले. संगणक जे बिघाड शोधत होता ते त्यांना डोळे मिटून सापडत होते. त्यांची झोप उडवणारे बिघाड यायचे ते झिजेतून, हवेतून, कागदाच्या दमटपणातून, कारखान्यातल्या अभियंत्याने कधी कल्पनाही केली नसेल अशा ठिकाणांहून. संशोधकांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: त्यांनी हे ऐकून घेतले. लाडका प्रकल्प बाजूला ठेवणे मोठमोठ्या विद्वानांना जड जाते.

मग त्यांनी उलट बाजूने सुरुवात केली. फ्रान्समधल्या तंत्रज्ञांकडे आपापल्या वह्या होत्या. त्यांत सुचलेल्या युक्त्या टिपलेल्या असायच्या, आणि त्या मित्रामित्रांत फिरत. याच युक्त्या संगणकावर आणायचे ठरले. त्या काळी फ्रान्समध्ये घरोघरी पोचलेली, टेलिफोनच्या तारेवर चालणारी ‘मिनितेल’ ही सेवा होती, तिचाच आधार घेतला. नवे काहीही विकत न घेता. आधी एका गटाला या युक्त्या देऊन दुसऱ्या गटाशी तुलना केली गेली. सुटे भाग आणि मजुरी मिळून पाच ते दहा टक्क्यांची बचत दिसली. या व्यवस्थेला नाव मिळाले ‘युरेका’. फ्रान्सनंतर कॅनडा, मग अमेरिका असा तिचा प्रवास झाला.

युरेकाची घडण पाहण्यासारखी आहे, कारण तिचा स्वस्तपणा त्या घडणीतच आहे. तंत्रज्ञाला एखादी युक्ती सापडली की तो ती चार-सहा ओळींत लिहायचा: लक्षण काय, कारण काय, उपाय काय. ती लगेच सगळ्यांना दिसायची नाही. त्या जातीच्या यंत्रातले जाणते तंत्रज्ञ ती तपासायचे, शंका असेल तर लिहिणाऱ्याला फोन करायचे, खरी ठरली की मगच ती जगभर जायची. आणि जाताना तिच्याबरोबर लिहिणाऱ्याचे नाव जायचे. बक्षीस म्हणून पैसे द्यावेत असा विचार वरच्या पातळीवर झाला, तेव्हा तंत्रज्ञांनीच तो नको म्हटले. पैसे लावले की लोक युक्त्या मोजायला लागतील आणि फुटकळ माल येईल, हे त्यांना मानवी स्वभावाच्या अनुभवावरून ठाऊक होते. नाव पुरे.

या व्यवस्थेची सर्वांत जास्त सांगितली जाणारी हकिगत ब्राझीलची आहे. तिथल्या एका गिऱ्हाइकाचे चाळीस हजार डॉलरच्या घरातले रंगीत यंत्र सारखे बंद पडत होते आणि ते बदलून द्यायचे जवळपास ठरले होते. तेवढ्यात तंत्रज्ञाने युरेकात डोकावून पाहिले. माँट्रियलच्या कोणा तंत्रज्ञाने तोच बिघाड आधीच पकडला होता, आणि त्याचा उपाय होता एक डॉलरही किंमत नसलेला सुटा भाग. झेरॉक्सच्या संशोधन केंद्राचे प्रमुख जॉन सीली ब्राउन आणि पॉल द्युगिड यांनी २००० साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त लिहिताना युरेकामुळे कंपनीचे एकंदर १० कोटी डॉलर वाचल्याचा अंदाज दिला. असे अंदाज जरा हातचे राखूनच वाचावेत. पण निम्मे खरे धरले तरी चार-सहा ओळींच्या टिपणांवर झालेली ती कमाई लहान नाही.

युरेका आणि नासाची वही शेजारी शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. नासात मोहीम संपल्यावर, काम हातावेगळे झाल्यावर, धडा लिहायचा. लिहिणाऱ्याला त्याचा उपयोग नाही आणि वाचणारा अजून जन्मालाही आलेला नाही. युरेकात आजचा अडलेला माणूस आणि कालचा अडलेला माणूस एकाच धंद्यातले, एकमेकांना नावाने ओळखणारे. उद्या आपणही अडणार आहोत हे दोघांनाही माहीत. शिवाय युरेकातली टीप कोणी तरी तपासलेली होती. तिच्यावर विसंबून गिऱ्हाइकासमोर स्क्रू-ड्रायव्हर हातात घेता येत होता.

पैसे लावले की काय होते, याचा धडा भारतात इन्फोसिसने घेतला आणि तो लपवलाही नाही. १९८१ साली पुण्यात सुरू झालेली आणि पुढे बंगळुरूला गेलेली ही कंपनी १९९० च्या दशकात झपाट्याने वाढत होती. एका प्रकल्पात कळलेले दुसऱ्या प्रकल्पाला कळावे म्हणून तिने ‘के-शॉप’ नावाचे अंतर्गत पोर्टल काढले. सुरुवातीला लोक फारसे लिहीनात. तेव्हा गुणांची योजना आली. लेख दिला की गुण, दुसऱ्याचा लेख तपासला की गुण, आणि साठलेल्या गुणांवर भेटी. पोर्टल दुथडी भरून वाहू लागले. थोड्याच काळात कळले, की पूर आला आहे पण पिण्याजोगे पाणी कमी आहे. तपासणारे घाईघाईने शेरे देत होते. काही शोधायला जावे तर निकालांची रास पुढे पडायची, आणि तिच्यातून कामाचे वेचण्यात वेळ जायचा. आधीपासून मनापासून लिहिणाऱ्या मंडळींनाही गुणांसाठी लिहिणाऱ्यांच्या रांगेत उभे राहणे रुचेना.

२००२ साली कंपनीने योजना बदलली. लिहिण्याचे आणि तपासण्याचे गुण कमी केले आणि वाचणाऱ्याला प्रत्यक्ष काय फायदा झाला याला वजन दिले. रघू गरुड आणि अरुण कुमारस्वामी या अभ्यासकांनी २००५ साली हे सगळे तपशिलाने प्रसिद्ध केले. ज्ञानाचे व्यवस्थापन नीट चालले तर ते वाढत जाते आणि बिघडले तर त्याच वेगाने बिघडत जाते, असा त्यांचा रोख होता. व्यवस्थापकांनी तो निबंध वाचावा. आपली चूक अभ्यासकांसमोर एवढी उघडी ठेवणाऱ्या कंपन्या विरळाच.

गुणांपेक्षाही अवघड बाब असते वेळ. वांडा ऑर्लिकोव्स्की या संशोधिकेने १९९२ साली एका मोठ्या सल्लागार कंपनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कंपनीचे नाव तिने बदलून ‘अल्फा’ असे ठेवले होते. कंपनीने ‘लोटस नोट्स’ हे त्या काळचे नामांकित सॉफ्टवेअर हजारो संगणकांवर बसवले, लोकांनी आपापसांत ज्ञान वाटून घ्यावे म्हणून. पण तिथल्या प्रत्येक सल्लागाराला दिवसाचा प्रत्येक तास कुठल्या ना कुठल्या गिऱ्हाइकाच्या खात्यावर दाखवावा लागे. नोट्स शिकण्याचा तास कोणाच्या खात्यावर टाकणार? शिवाय बढती मिळाली नाही तर बाहेरचा रस्ता धरायचा, अशी स्पर्धा. अशा ठिकाणी आपल्याला ठाऊक असलेले शेजाऱ्याला देणे म्हणजे पायावर धोंडा. सॉफ्टवेअर उत्तम होते, ते निमूट पडून राहिले.

आता खर्चाचा हिशेब मांडून पाहू. वीस हजार माणसांच्या कंपनीने फर्मान काढले, की प्रत्येकाने आठवड्यातून एक तास आपले ज्ञान नोंदवण्यासाठी द्यावा. ऐकायला माफक वाटते. पण आठवड्याचे वीस हजार तास म्हणजे चाळीस तासांच्या आठवड्याप्रमाणे पाचशे माणसांची पूर्णवेळ नोकरी. सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क कितीही चढे असले तरी या पाचशे पगारांपुढे ते किरकोळ. आणि हे पाचशे पगार कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाहीत, कारण ते वीस हजारांत विरघळलेले असतात. उलट युरेकासारख्या रचनेत सगळ्यांनी लिहायचे नसतेच. ज्याला काही नवे सापडले त्यानेच लिहायचे, तेही थोडके. खर्च पडतो तो तपासणाऱ्यांचा. प्रत्येक विषयात दोन-तीन खरे जाणते, त्यांचा आठवड्यातला काही वेळ अधिकृतपणे मोकळा करून दिलेला. ‘अधिकृतपणे’ हा शब्द महत्त्वाचा. तपासणीचे काम नेहमीच्या कामावर फुकट लादले की ते इन्फोसिसच्या घाईच्या शेऱ्यांसारखे होते.

सगळेच ज्ञान मात्र टिपणात मावत नाही. १९९९ साली हॅन्सन, नोरिया आणि टियर्नी या तिघांनी सल्लागार कंपन्यांची पाहणी करून दोन घराणी दाखवली. अर्न्स्ट अँड यंगसारख्या कंपन्यांचे काम बरेचसे एकसाची. एकदा केलेले पुन्हा वापरता येणारे. त्यांना लिखित साठा परवडतो आणि फळतो. बेन किंवा मॅकिन्झीसारख्यांचे प्रश्न दर वेळी निराळे. त्यांना माणसामाणसांची गाठ घालून देणे जास्त उपयोगी. दोन्ही निम्मे-निम्मे करू पाहणाऱ्यांचे हाल होतात. ऐंशी-वीस असा कल ठेवावा, असे त्यांचे म्हणणे. मोठ्या कंपनीत दोन्ही प्रकारची कामे असतात, त्यामुळे हा कल कंपनीभर एकच न ठेवता विभागागणिक ठरवावा लागतो. बिलांची तक्रार सोडवणाऱ्या कॉल सेंटरला लेखी साठा हवा. नवा कारखाना उभारणाऱ्या चमूला, तो आधी उभारलेल्या माणसांचे फोन नंबर हवेत.

बीपी या तेल कंपनीने १९९० च्या दशकात या दुसऱ्या प्रकारातली एक साधी रीत रुळवली. नवे काम हाती घेण्यापूर्वी त्या चमूने कंपनीतल्या इतर ठिकाणच्या, तसे काम केलेल्या सहकाऱ्यांना एक-दोन दिवसांसाठी बोलवायचे, आपला बेत त्यांच्यापुढे मांडायचा आणि त्यांनी तो मोकळेपणाने फाडायचा. वरिष्ठांची तपासणी नव्हे, बरोबरीच्यांचा सल्ला. खर्च विमानाच्या तिकिटांचा आणि हॉटेलचा. समुद्रात विहीर खणण्याचा दिवसाचा खर्च ज्यांना माहीत आहे त्यांना ती तिकिटे कवडीमोल वाटतील. यात एक बारकावा आहे. इथे ज्ञान लागेल तेव्हा मागितले जाते, आणि ज्याला गरज आहे तोच मागतो. जे कोणी मागणार नाही ते गोळा करण्यात शक्ती वाया जात नाही.

अमेरिकी लष्कराची पद्धत त्याहूनही स्वस्त. सराव संपला की तिथेच, जमिनीवर बसून, अधिकारी आणि शिपाई एकत्र चार प्रश्नांची उत्तरे शोधतात: काय व्हायला हवे होते, काय झाले, फरक का पडला, पुढे काय बदलायचे. कॅलिफोर्नियाच्या फोर्ट अर्विन इथल्या प्रशिक्षण केंद्रात ही रीत घोटली गेली आणि १९८५ साली कॅन्ससमधल्या फोर्ट लेव्हनवर्थ इथे धडे एकत्र करण्यासाठी खास केंद्रही निघाले. भारतीय कार्यालयांत ही बैठक उचलायला सोपी, चालवायला अवघड. साहेब समोर असताना ‘फरक का पडला’ याचे खरे उत्तर देण्याची पद्धत आपल्याकडे नाही. पहिल्या दोन बैठकांत साहेबाने स्वतःची चूक आधी सांगितली तरच तिसऱ्या बैठकीत इतरांची तोंडे उघडतात.

दरम्यान, आपल्याकडच्या क्षेत्रीय कामगारांनी स्वतःची युरेका केव्हाच काढली आहे. ती व्हॉट्सअ‍ॅपवर चालते. लिफ्ट दुरुस्त करणारे, मोबाइलचे टॉवर सांभाळणारे, एटीएम यंत्रे उघडणारे, मोटारींच्या सर्व्हिस सेंटरमधले मेकॅनिक, यांचे ग्रुप पाहावेत. बिघडलेल्या भागाचा फोटो पडतो, ‘कोणी बघितलाय का असा?’ आणि चहा संपायच्या आत सोलापूरहून उत्तर येते. वेगात याला तोड नाही. उणिवा तीन. उत्तर कोणी तपासत नाही. महिन्याभराने ते शोधू म्हटले तर शुभेच्छांच्या ढिगाखाली सापडत नाही. आणि माणूस कंपनी सोडून गेला की कंपनीचा मालही त्याच्या फोनमध्ये बाहेर जातो. कंपन्यांची पहिली प्रतिक्रिया अशा ग्रुपवर बंदी घालण्याची असते. ती घातली की ग्रुप दुसऱ्या नावाने चालू राहतो आणि कंपनीला तेवढे दिसेनासे होते. त्यापेक्षा त्या ग्रुपमध्ये कंपनीनेच पगारी एक जाणता माणूस बसवावा. त्याने आठवड्यातली चांगली उत्तरे वेचावी, खात्री करावी, विचारणाऱ्याच्या शब्दांत शीर्षक द्यावे आणि शोधता येईल अशा साध्या विकीवर टाकावी. विकीची कल्पना वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली प्रत्यक्षात आणली, आणि तिची चांगली सॉफ्टवेअरे आज फुकट मिळतात.

विचारणाऱ्याच्या शब्दांत, यावर भर द्यायला हवा. कंपनीच्या दस्तऐवजांची नावे खात्यांच्या रचनेवरून पडतात आणि अडलेला माणूस लक्षणावरून शोधतो. ‘प्रवास भत्ता धोरण, सुधारित आवृत्ती’ हे शीर्षक लिहिणाऱ्याला शोभते. नव्या कर्मचाऱ्याला ‘ओलाचे बिल कसे मिळवायचे’ एवढेच हवे असते.

साठ्याची निगा हा खर्चातला उपेक्षित भाग. प्रत्येक टिपणाला एक मालक आणि एक मुदत हवी. मुदत उलटली आणि मालकाने ‘अजून खरे आहे’ असे म्हटले नाही, तर टिपण आपोआप मागे जावे. जुने टाकून द्यायला कोणी धजत नाही, कारण जागा स्वस्त आहे. पण वाचणाऱ्याला दोनदा चुकीचे उत्तर मिळाले की तो तिसऱ्यांदा येत नाही, आणि एकदा गेलेला वाचक परत आणायला नवे पोर्टल, नवे उद्घाटन, नवे बोधचिन्ह असा सगळा थाट पुन्हा मांडावा लागतो. दर चार-पाच वर्षांनी तो मांडणाऱ्या कंपन्या आहेत.

हल्ली या थाटाला नवे रूप आले आहे. कंपनीची सगळी कागदपत्रे भाषिक प्रारूपाला जोडायची आणि कर्मचाऱ्याने साध्या मराठी-इंग्रजीत प्रश्न विचारायचा. शोधण्याचा त्रास यामुळे खरोखर कमी होतो आणि नाके मुरडण्याचे कारण नाही. पण ही प्रणाली उत्तर देते ते तिला दिलेल्या कागदांतून. त्यांत रजेच्या नियमांच्या तीन आवृत्त्या असतील तर ती तिन्हींची मिसळ गोड भाषेत वाढू शकते. पूर्वी जुना कागद निदान जुना दिसायचा. त्यामुळे अशा प्रणालीपूर्वी साठ्याची साफसफाई करणे अधिकच गरजेचे झाले आहे, आणि उत्तराखाली ते कुठल्या टिपणातून आले व कोणी तपासले हे दिसणेही. बॉब्रोंच्या मंडळींना तंत्रज्ञांनी जे सांगितले ते अजून लागू आहे. अवघड बिघाडाचे उत्तर बहुधा कुठल्याच कागदात नसते.

या सगळ्याची मर्यादाही झेरॉक्सच्याच इतिहासात आहे. युरेकाचे कौतुक छापून येत होते त्याच २००० साली ही कंपनी कर्जाच्या डोंगराखाली दिवाळखोरीच्या कडेला पोचली होती आणि २००२ साली हिशेबातल्या गैरप्रकारांबद्दल तिला अमेरिकी नियामकांना एक कोटी डॉलर दंड भरावा लागला. तंत्रज्ञांचे शहाणपण कंपनीच्या तळाशी उत्तम वाहत होते. वरच्या मजल्यावर ते चढवण्याची सोय युरेकात नव्हती, आणि ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नसते.

तेव्हा ज्यांच्या टेबलावर सध्या एखाद्या ‘नॉलेज प्लॅटफॉर्म’चा प्रस्ताव सहीसाठी पडून आहे, त्यांनी सही महिनाभर थांबवावी. त्या महिन्यात कंपनीत एकच प्रश्न वेगवेगळ्या माणसांना पुन्हा पुन्हा कुठे पडतो आहे, ते टिपून काढावे. हेल्पडेस्कच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप आणि कॅन्टीनची टेबले या तिन्ही ठिकाणी ते सापडते. त्यातला सर्वांत महाग पडणारा एक विषय निवडावा, त्यातल्या दोन जाणत्यांचा निम्मा वेळ कागदोपत्री मोकळा करावा आणि फुकटच्या विकीवर सहा महिने काम चालवावे. सहा महिन्यांनी लोक आपण होऊन तिथे येत असतील, तर प्लॅटफॉर्म जरूर घ्यावा. येत नसतील, तर वाचलेल्या पैशांत त्या दोघांचा उरलेला वेळही मोकळा करावा.